'नवऱ्याला सांगितलं का गं तिनं?'

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आवडत्या प्रेमकादंबरीवर आपण वाचकांची पत्रं मागवलीत, म्हणून मैत्रेयी देवींच्या 'न हन्यते'बद्दल लिहिते आहे. मूळ बंगाली, १९७४ची. साहित्य अकादमीचा पुरस्कारही मिळाला. मी वाचली ती लेखिकेनं स्वतःच केलेल्या इंग्रजी अनुवादात, आणि रोज दिवेलागणीला जेवढं वाचून झालं तेवढं आईला मराठीत सांगत गेले.

१९३०चं कोलकाता. सोळा वर्षांची अमृता आणि तिच्या विद्वान वडिलांकडे शिकायला आलेला परदेशी तरुण. दोघं मिळून वडिलांच्या ग्रंथसंग्रहाची सूची करतात, शेजारी बसून. घरात कळतं आणि त्याला बाहेर काढलं जातं. हे सगळं लेखिकेच्या आयुष्यात घडलेलं. तो तरुण म्हणजे पुढे जगभर नावाजलेले धर्माभ्यासक मिर्चा एलियाद. त्यांनी १९३३मध्ये रुमानियन भाषेत तिच्यावर कादंबरी लिहिली, तिचं खरं नाव घालून. आपण रात्री त्याच्या खोलीत जात होतो असं त्यात लिहिलंय, हे तिला समजलं १९७२मध्ये. नातवंडं खेळवायच्या वयात! संताप होतोच तिचा. पण त्या संतापाखालून ४२ वर्षांपूर्वीची मुलगी जशीच्या तशी वर येते, तिथं मला पुस्तक मिटून ठेवावं लागलं. पुढची दोन पानं वाचायला तीन दिवस लागले.

आई मेथी निवडत ऐकायची. मध्ये कधी बोलली नाही. एकदाच विचारलं, "नवऱ्याला सांगितलं का गं तिनं?" सांगितलं. आणि त्यानं तिला एलियादला भेटायला जाऊ दिलं. त्या शांत, समंजस माणसाला लेखिकेनं कुठेही कमी लेखलेलं नाही. संसार खरा आणि तेही खरं. आपल्याकडे बाईनं यातलं एक खोटं ठरवावं अशी अपेक्षा असते. या कादंबरीनं ती अपेक्षा माझ्यापुरती कायमची मोडली, याबद्दल मी लेखिकेची ऋणी आहे.

शेवटी ती शिकागोला एलियादच्या खोलीत जाते. चहूकडे पुस्तकं. तो पाठ फिरवून उभा राहतो, बघत नाही. वळतो तेव्हा त्याचे डोळे तिला दगडाचे भासतात. आकाशगंगेत भेटू तेव्हा या डोळ्यांत प्रकाश घालीन, अशी आशा उरते.

हे सांगताना माझा आवाज फुटेना. आईच्या हातातली जुडी तशीच राहिली. तिला इंग्रजी येत नाही, तरी म्हणाली, "एवढं तिच्याच शब्दांत वाच." मी वाचलं. तिनं पुन्हा वाचायला लावलं.

आपली,
एक वाचक, मिरज