काउंटरमागे एक स्टूल ठेवा

महोदय,

लोअर परळमधल्या एका कंपनीत मी अकरा वर्षं रिसेप्शनवर आहे. गेल्या दिवाळीनंतर आमचा काउंटर बदलला. नवा काउंटर छातीइतका उंच आला आणि त्याच्या मागच्या दोन खुर्च्या गेल्या. पाहुणा आला की समोरचं माणूस उभं दिसलं पाहिजे, असं आम्हाला सांगण्यात आलं. तेव्हापासून सकाळी साडेनऊ ते संध्याकाळी सहा, जेवणाचा अर्धा तास सोडला तर मी उभीच असते.

डोंबिवलीहून येतानाही उभंच यावं लागतं. डब्यात शिरल्या शिरल्या "कुठे उतरणार?" विचारून जागा सांगून ठेवावी, तर दादरच्या आधी कुणी उठणारं नसतं. परतीलाही तीच गत.

रात्री मोजे काढले की घोट्यावर इलॅस्टिकचा खोल वळ असतो. बोटाने दाबलं तर खड्डा पडतो आणि तो भरून यायला वेळ लागतो. सकाळी पहिलं पाऊल टेकवताना टाचेत अशी कळ येते, की मोरीपर्यंत भिंत धरून जावं लागतं. डॉक्टरांनी कारण नीट समजावलं. पायातलं रक्त वर हृदयाकडे ढकलायला पोटरीचे स्नायू मदत करतात. चालताना ते आवळतात, सैल होतात आणि रक्त वर चढतं. एका जागी खिळून उभं राहिलं की हे काम मंदावतं, रक्त खाली साठतं, पाय सुजतात आणि पुढे शिरा फुगतात. कंबरेचे स्नायूही तासन्‌तास ताणलेलेच राहतात. म्हणूनच दिवसभर बाजारात हिंडून माणूस जेवढा थकत नाही, तेवढा नुसतं उभं राहून थकतो. त्यांनी चिठ्ठीवर लिहून दिलं, 'कामावर अधूनमधून बसणे आवश्यक'. ती चिठ्ठी मी ऑफिसात दिली, त्याला चार महिने झाले. "बघू" एवढंच उत्तर मिळालं आहे.

माझ्यापेक्षा वाईट हाल खालच्या लॉबीतल्या सुरक्षारक्षकाचे आहेत. पन्नाशी उलटलेला माणूस, बारा तासांची पाळी. दुपारनंतर ते कधी या पायावर, कधी त्या पायावर भार टाकत खांबाला पाठ लावतात आणि सुपरवायझर दिसला की ताठ होतात. बसलेले कॅमेऱ्यात दिसले तर पगारातून पैसे कापतात, असं त्यांनीच मला सांगितलं. फोर्टातल्या जुन्या इमारतींत लिफ्टमनला त्या एवढ्याशा लिफ्टमध्येही स्टूल असतं. आमच्या एवढ्या मोठ्या लॉबीत ते का मावू नये?

बसून राहणं तब्येतीला वाईट, म्हणून वरच्या मजल्यांवर वर-खाली होणारी टेबलं आली आहेत. चांगलं आहे, पण ती आलटूनपालटून बसण्या-उठण्यासाठी आहेत. अकाउंट्समधल्या एकीने पाठदुखी जाईल म्हणून दिवसदिवस उभ्याने काम केलं आणि आठवड्याभरात गुडघे धरून बसली.

माझे वडील गिरणीत साचेखात्यात, म्हणजे कापड विणायच्या विभागात होते. त्यांच्या पोटऱ्यांवरच्या दोरीसारख्या निळ्या शिरा बघतच मी मोठी झाले. कारखान्यात उभ्याने काम करणाऱ्यांसाठी बसायची सोय असावी, म्हणजे कामात उसंत मिळेल तेव्हा टेकता येईल, हे 1948च्या कारखाना कायद्याच्या 44व्या कलमातच लिहिलेलं होतं. दुकानं आणि कार्यालयं मात्र त्या कायद्याच्या बाहेर राहिली. केरळमध्ये कापडदुकानांतल्या विक्रेत्या बायका बसण्याच्या हक्कासाठी लढल्या आणि 2018 मध्ये तिथला दुकाने व आस्थापना कायदा बदलला. 2021 मध्ये तमिळनाडूनेही तेच केलं. महाराष्ट्राच्या 2017च्या दुकाने व आस्थापना कायद्यातही असंच रोखठोक कलम हवं आणि कामगार खात्याने कार्यालयांत येऊन काउंटरमागे, गेटपाशी खुर्ची आहे का ते बघायला हवं.

तोवर माझी कंपन्यांच्या व्यवस्थापकांना आणि सोसायट्यांच्या कमिट्यांनाही विनंती आहे. बसलेला रक्षक म्हणजे कामचुकार रक्षक, हे डोक्यातून काढा. आणि आमच्यासारख्या उंच काउंटरला तेवढंच उंच स्टूल मिळतं. त्यावर बसूनही पाहुण्याच्या नजरेला नजर देऊन "या, कुणाला भेटायचंय?" विचारता येतं.

– एक नोकरदार वाचक, डोंबिवली (पूर्व)