इन-इअर मॉनिटर घेताना ड्रायव्हर मोजू नका

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गणपती-नवरात्र जवळ आले की भजनी मंडळे, ऑर्केस्ट्रा आणि हौशी गायक-वादक यांची इन-इअर मॉनिटरची, म्हणजे स्टेजवर आपलाच आवाज ऐकण्यासाठी कानात घालायच्या इअरफोनची, खरेदी सुरू होते. टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धांत प्रत्येकाच्या कानात ते दिसते, तेव्हा आपल्यालाही हवे असे वाटणे साहजिकच आहे. हाताशी असतात दोन ते पाच हजार रुपये. अशा वेळी वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत खरेदीचे जे मार्गदर्शन येते, त्यात ‘एका कानात पाच ड्रायव्हर’ (ड्रायव्हर म्हणजे आवाज काढणारा आतला चिमुकला स्पीकर) आणि ‘चांदीचा मुलामा दिलेली केबल’ यापलीकडे फारसे काही नसते. यातल्या कुठल्याच गोष्टीवरून निवड करू नये असे आमचे स्पष्ट मत आहे. ती कशावरून करावी, ते या पत्रात मांडतो.

ड्रायव्हरची संख्या हा विक्रीचा आकडा आहे, आवाजाचा नव्हे. केझेड कंपनीच्या झेडएस१० प्रो या सेटमध्ये प्रत्येक बाजूला एक डायनॅमिक (साध्या स्पीकरसारखा पडदा हलवणारा) आणि चार बॅलन्स्ड आर्मेचर (बारीक धातूची पात हलवणारे) असे पाच ड्रायव्हर आहेत, आणि दोन्ही कानांचे मिळून ‘दहा ड्रायव्हर’ अशी जाहिरात होते. उलट २०११ पासून बाजारात असलेल्या शुअर एसई२१५ मध्ये प्रत्येक कानात एकच डायनॅमिक ड्रायव्हर आहे, तरी स्टेजवर ते आजही दिसते. ड्रायव्हर वाढले की आवाजाचे पट्टे वाटून देणारे क्रॉसओव्हर सर्किट आले आणि ते पट्टे एकमेकांशी नीट जुळवण्याचे काम आले. दोन-तीन हजारांच्या सेटमध्ये ते काम बरेचदा अर्धवट राहते. मग गायकाच्या आवाजाला कर्कश धार येते, ‘स’ आणि ‘श’ टोचतात, हार्मोनियमचा मधला पट्टा पोकळ लागतो. कमी पैशांत एक चांगला डायनॅमिक ड्रायव्हर हीच सुरक्षित निवड.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे सील. इन-इअरची टिप (टोकावरचे सिलिकॉनचे किंवा फोमचे मऊ टोपण) कानाच्या नळीत घट्ट बसून बाहेरची हवा बंद झाली तरच खर्जाचा भाग ऐकू येतो. बारीकशी फट राहिली तरी साधारण २०० हर्ट्‌झच्या खालचा आवाज गळून जातो आणि उरतो तो नुसता चिरका वरचा भाग. ‘हा सेट पातळ वाजतो’ अशा तक्रारींपैकी पुष्कळ तक्रारी सेटच्या नसून टिपच्या असतात. तपासायला सोपे आहे. डग्ग्याचा घुमारा स्वच्छ ध्वनिमुद्रित झालेली एखादी तबल्याची चीज लावा आणि दोन्ही मॉनिटर बोटाने हलकेच आत दाबा. घुमारा एकदम वाढला तर सील नाही, मोठी टिप लावा. काही फरक पडला नाही तर टिप योग्य. मात्र बोट कवचावरच्या बारीक छिद्रावर ठेवू नका. ते छिद्र हवेच्या दाबासाठी असते आणि ते बुजले तर खर्ज आपोआप बदलतो, म्हणजे चाचणीच खोटी ठरते. दोन्ही कानांना वेगळ्या मापाच्या टिप लागणे यात काही वावगे नाही. डाव्या कानाला मध्यम आणि उजव्याला मोठी, असे बऱ्याच जणांचे असते.

घालण्याचीही पद्धत आहे. केबल कानावरून मागे घ्यायची, विरुद्ध हात डोक्यावरून नेऊन कान वर आणि मागे ओढायचा, मग मॉनिटर किंचित फिरवत आत बसवायचा. फोमची टिप असेल तर ती बोटांत वळून बारीक करायची, कानात घालायची आणि ती फुगेपर्यंत अर्धा मिनिट धरून ठेवायची. सिलिकॉनपेक्षा फोम बाहेरचा आवाज जास्त अडवतो. त्या बदल्यात वरचे सूर थोडे मऊ होतात, काही महिन्यांत फोम कडक पडतो आणि नवा घ्यावा लागतो. घामाघूम होणाऱ्या ढोलकीवाल्याला सिलिकॉन बरे, शांत बसून साथ करणाऱ्याला फोम.

टिप विकत घेताना नोझलचे, म्हणजे टिप जिच्यावर बसते त्या नळीचे, माप विसरू नका. शुअरचे नोझल बारीक असते, चिनी बनावटीच्या बहुतेक सेटचे जाड. एकाच्या टिप दुसऱ्याला बसत नाहीत. ज्यांच्या कानाचे भोक लहान आहे, त्यांनी ट्रूथइअर झीरो रेड हे पाच हजारांच्या आसपासचे नावाजलेले मॉडेल कानात घालून पाहिल्याशिवाय घेऊ नये. आवाज उत्तम, पण नोझल खरोखर जाड आहे आणि दोन तासांच्या कार्यक्रमात कान दुखून येतो. पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवर घालून बघायला मिळाले तर उत्तमच. आरोग्याच्या कारणाने दुकानदार नाही म्हणतात, आणि तेही बरोबर आहे. म्हणून आपल्या टिप सोबत न्याव्यात.

दोन हजारांच्या आत-बाहेर दोन नावे आम्ही बिनदिक्कत सुचवतो: मूनड्रॉप चू टू आणि सेव्हनहर्ट्‌झ झीरो टू. दोन्हींत १० मिलिमीटरचा एक डायनॅमिक ड्रायव्हर, दोन्हींची केबल सुटी होते. झीरो टूचा खर्ज थोडा भरीव, म्हणून तबला-ढोलकी आणि बेस गिटार वाजवणाऱ्यांना तो सोयीचा. चू टू वरच्या पट्ट्यात जरा उजळ आहे, शब्द स्पष्ट लागतात, पण टाळ-झांजांच्या गजरात तो कानाला थकवतो. पहिला चू घेऊ नका, त्याची केबल सुटी होत नाही. एसई२१५ ची किंमत यांच्या चौपट-पाचपट आहे आणि नुसते गाणे ऐकायला ती मोजण्यात अर्थ नाही. त्याचे वरचे सूर दबलेलेच आहेत. त्याची किंमत वसूल होते ती बाहेरचा आवाज अडवण्यात, म्हणजे ड्रमसेटच्या शेजारी उभे राहणाऱ्याला.

आता खोक्यावरच्या आकड्यांबद्दल. संवेदनशीलता, म्हणजे तेवढ्याच सिग्नलला सेट किती मोठा वाजतो ते, कोणी डेसिबल प्रति मिलिवॅट छापतो, कोणी डेसिबल प्रति व्होल्ट. हे दोन आकडे शेजारी ठेवून तुलना करणे चूक. मिलिवॅटच्या आकड्यात १६ ओहम इम्पिडन्सच्या (विद्युतप्रवाहाला होणाऱ्या अडथळ्याच्या) सेटसाठी १८ आणि ३२ ओहमच्या सेटसाठी १५ मिळवले की व्होल्टचा आकडा येतो. म्हणजे १६ ओहमचा १०५ डेसिबल प्रति मिलिवॅटचा सेट हा ३२ ओहमच्या १२० डेसिबल प्रति व्होल्टच्या सेटपेक्षा ३ डेसिबलने मोठा वाजतो, खोक्यावर काहीही दिसो. मोठा वाजणारा सेट चांगला असेही नाही. फार संवेदनशील सेटमध्ये स्वस्त मिक्सरची सरसर सतत ऐकू येते.

मल्टी-ड्रायव्हर सेट टाळण्याचे आणखी एक कारण फार थोड्यांना माहीत असते. कीबोर्ड आणि स्वस्त मिक्सरच्या हेडफोन जॅकचा आउटपुट इम्पिडन्स बरेचदा ३० ओहमच्या वर असतो. तो इन-इअरच्या इम्पिडन्सच्या एक अष्टमांशापेक्षा कमी असावा असा ढोबळ नियम आहे. बॅलन्स्ड आर्मेचर असलेल्या सेटचा इम्पिडन्स प्रत्येक सुराला बदलतो. त्यामुळे फोनवर छान वाजणारा सेट कीबोर्डला लावला की त्याचा तोलच बिघडतो. एकाच डायनॅमिक ड्रायव्हरचा इम्पिडन्स जवळपास सपाट असतो, तो कुठेही लावा, स्वभाव बदलत नाही. झीरो रेडच्या खोक्यात खर्ज वाढवण्यासाठी १० ओहमचा अडॅप्टर मिळतो, तो इम्पिडन्स सुरागणिक बदलण्याच्या नेमक्या याच गुणधर्मावर चालतो.

ब्लूटूथचे बड्स मॉनिटर म्हणून वापरण्याचा मोह अनेकांना होतो. नेहमीच्या ब्लूटूथला १५० ते २५० मिलिसेकंद उशीर लागतो. द्रुत लयीत मिनिटाला २४० मात्रा धरल्या तर एक मात्रा २५० मिलिसेकंदांची. म्हणजे वादकाला आपलाच ठेका अर्ध्याहून अधिक ते पूर्ण एक मात्रा उशिरा ऐकू येणार! २.४ गिगाहर्ट्‌झवर चालणारे खास वायरलेस मॉनिटर संच वेगळे, त्यांचा उशीर फार कमी असतो. पण शेकडो मोबाइल असलेल्या मंडपात तोच पट्टा गजबजलेला असतो आणि आवाज तुटतो. मुळात आपल्याकडचे साथीदार बसून वाजवतात. तबला, हार्मोनियम, पखवाज, कीबोर्ड यांना वायरलेस कशाला? बेहरिंगर पॉवरप्ले पी२ सारखा दोन ट्रिपल-ए सेलवर चालणारा तारेचा बेल्ट-पॅक (कमरेला लावायचा छोटा हेडफोन अ‍ॅम्प्लिफायर) पुरतो. म्हणूनच इन-इअर स्वस्तातले घेऊन वाचलेले पैसे बेल्ट-पॅककडे वळवावेत.

बेल्ट-पॅकला मिक्सरच्या ऑक्स आउटमधून (मॉनिटरसाठी वेगळा आवाज बाहेर देणाऱ्या वाटेतून) सिग्नल द्यायचा आणि तो ऑक्स प्री-फेडर ठेवायचा, म्हणजे फेडरच्या, आवाजाच्या सरकत्या बटणाच्या, आधीच घेतलेला. पोस्ट-फेडर असेल तर साउंडवाल्याने प्रेक्षकांसाठी फेडर खाली केला की गायकाच्या कानातूनही आवाज जातो आणि तो बिचारा खाणाखुणा करत बसतो. ऑक्स एकच, म्हणजे मोनो असेल तर बेल्ट-पॅकचे बटण मोनोवर हवे, नाहीतर एकाच कानात वाजेल आणि दुकानदाराला उगाच फोन जाईल. एक गोष्ट मात्र जिवावर बेतणारी: मंडपातल्या पीए अ‍ॅम्प्लिफायरच्या स्पीकर आउटला इन-इअर किंवा बेल्ट-पॅक कधीही, कोणत्याही जुगाडाने जोडू नये. त्या लाइनवर ७० किंवा १०० व्होल्ट असू शकतात.

गायकांची एक खास अडचण असते. कान बंद झाले की स्वतःचा आवाज हाडांतून घुमतो, मडक्यात बोलल्यासारखा. टिप थोडी खोल बसवली की घुमणे कमी होते. शिवाय मॉनिटरमध्ये गायकाच्या माइकचा १५० ते ३०० हर्ट्‌झचा भाग थोडा कापावा. डिजिटल मिक्सरवर आवाज पोकळ, दूरचा वाटत असेल तर त्या चॅनेलची पोलॅरिटी (सिग्नलची अधिक-उणे दिशा) उलटी करून पाहावी. मिक्सरमधून काही मिलिसेकंद उशिराने आलेला आवाज हाडांतून आलेल्या आवाजाला छेद देतो, त्यावर हा उपाय पुष्कळदा लागू पडतो. प्रेक्षकांची दाद ऐकू येत नाही म्हणून एक कान उघडा ठेवणारे गायक बरेच आहेत. मग दुसऱ्या कानातला आवाज वाढतो, आणि इजा तिथेच होते. त्यापेक्षा प्रेक्षकांकडे तोंड केलेला एक माइक ऑक्समध्ये थोडासा सोडावा.

अमेरिकेतल्या नायॉश या कामगार-आरोग्य संस्थेच्या निकषानुसार ८५ डेसिबलला ८ तास, ९४ ला १ तास आणि १०० ला फक्त १५ मिनिटे ही कानाची मर्यादा आहे. दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. स्टेजवरची चुरस पाहता १०० गाठायला वेळ लागत नाही. माइक हातातून निसटला किंवा फीडबॅकची शिट्टी वाजली तर ती थेट कानाच्या पडद्यापाशी वाजते, म्हणून डिजिटल मिक्सर असेल तर ऑक्सवर लिमिटर (ठरावीक पातळीपलीकडे आवाज जाऊ न देणारी सोय) लावून घ्यावा. अ‍ॅनालॉग मिक्सरवर ती सोय नसते. तिथे बेल्ट-पॅकचा आवाज आधी शून्यावर आणून मगच मॉनिटर कानात घालावे.

बिघाड बहुधा केबलचाच होतो, जॅकपाशी किंवा जिथे तिच्या दोन वायरी होतात तिथे. सुटी केबल काही शेकड्यांत मिळते, एक जादा जवळ ठेवावी. ०.७८ मिलिमीटरच्या दोन पिनांची केबल सरळ बसवावी, वाकडी घातली तर पिन मोडते. एका बाजूची पिन उलटी बसली तर खर्ज नाहीसा होतो आणि गायक मध्यभागी न वाटता डोक्याबाहेर पसरल्यासारखा लागतो. एका कानाचा आवाज हळूहळू कमी होत गेला तर ड्रायव्हर गेला असे समजू नका, जाळीत मळ किंवा घामाचा ओलावा साचलेला असतो. टिप काढून, नोझल खाली धरून मऊ ब्रशने साफ करावे. स्पिरिट किंवा हेअर ड्रायर वापरू नये. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात डबीत सिलिका जेलची पुडी हवीच.

आपल्या पुरवणीने पुढच्या खेपेस इन-इअरची यादी छापताना प्रत्येक नावापुढे केबल सुटी होते की नाही, नोझलचे माप आणि संवेदनशीलता कोणत्या एककात आहे, एवढे तीन रकाने द्यावेत ही विनंती. आणि मंडळांच्या कार्यकर्त्यांना एक सांगणे: साउंडची सुपारी देताना ‘वादकांसाठी दोन प्री-फेडर ऑक्स मोकळे हवेत’ हे आधीच लिहून घ्या. कार्यक्रमाच्या संध्याकाळी मागितले तर उत्तर ठरलेले असते, सगळे ऑक्स मॉनिटर स्पीकरला गेले.

आपले,
दोन ध्वनितंत्रज्ञ वाचक, पुणे