सूचना: नव्या तुकडीसाठी नावे सुचवताना

सर्व सदस्यांना नमस्कार. आपल्या आंतरराष्ट्रीय आरोग्य मार्गदर्शन कार्यक्रमासाठी नावे सुचवताना कृपया फक्त मोठ्या शहरांतले, सफाईदार इंग्रजी बोलणारे डॉक्टर पुढे करू नका. परिचारिका, प्रयोगशाळा तंत्रज्ञ, अपंग सहकारी, आशा ताई यांनाही आवर्जून विचारा. आशांच्या कामाला जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये पुरस्कार दिला आहे, हे विसरू नये. त्याच संघटनेच्या २०१९च्या अहवालानुसार आरोग्यसेवेत सुमारे ७० टक्के स्त्रिया, पण वरिष्ठ पदांवर २५ टक्केच. आपल्या यादीत हे चित्र मला बघायचे नाही.

ओळखबैठक भारतीय वेळेनुसार संध्याकाळी ७ वाजता. तेव्हा नैरोबीत दुपारचे ४.३०, लिमात सकाळचे ८.३०. सावकाश बोला. स्पॅनिश, फ्रेंच भाषक सहभागींना वाक्य पूर्ण करू द्या.