नैराश्यावरची गोळी सुरू करताच मळमळ का?

‘आनंदाचे रसायन’ म्हणून सेरोटोनिनचे कौतुक हल्ली फार वाचायला मिळते. पण शरीरातले सुमारे ९० टक्के सेरोटोनिन तयार होते ते आतड्यात. तिथे त्याचे काम अन्न पुढे ढकलण्याचे. रक्तातले सेरोटोनिन मेंदूत शिरत नाही, मेंदू आपल्यापुरते प्रथिनांतल्या ट्रिप्टोफॅन या घटकापासून स्वतः बनवतो. त्यामुळे ‘हे खा, सेरोटोनिन वाढवा’ छापाचे सल्ले फार मनावर घेऊ नयेत.

नैराश्यावरच्या एसएसआरआय गटातल्या गोळ्या दोन चेतापेशींमधल्या फटीतले सेरोटोनिन परत शोषू देत नाहीत. हे काही तासांतच सुरू होते, मन मात्र २ ते ४ आठवड्यांनी सावरू लागते. पोट तेवढे थांबत नाही, कारण आतड्यातल्या सेरोटोनिनवरही गोळीचा परिणाम होतोच! मळमळ, पातळ शौच आधी, गुण नंतर. नेमकी इथेच अनेकांची गोळी सुटते. खरे तर हा त्रास बहुधा १-२ आठवड्यांत ओसरतो, जेवणानंतर गोळी घेतल्यास कमीही होतो.

बरे वाटले म्हणून एकदम बंद केली, तर चक्कर येते, डोक्यात विजेसारखे झटके बसतात. डोस डॉक्टरांना विचारून टप्प्याटप्प्यानेच उतरवावा. दुखण्यावर ट्रॅमाडॉल चालू असेल तर तेही त्यांना आधीच सांगावे. दोन्ही मिळून सेरोटोनिनचा परिणाम घातक थराला जाऊ शकतो.

– एक वाचक