डिचोलीचा संगणक : फॉरमॅट करू देऊ नका

मस्कत, शुक्रवार

चि. छोटूस अनेक आशीर्वाद.

ताईने डिचोलीहून पाठवलेला पडद्याचा फोटो मोठा करून नीट पाहिला. वर जीएनयू ग्रबची आवृत्ती, खाली नुसता ‘ग्रब’ शब्द, बाणाची खूण आणि लुकलुकणारा कर्सर. ताईच्या मशीनवर विंडोज आणि उबुंटू अशा दोन प्रणाली आहेत, आणि त्यांतली कोणती सुरू करायची ते विचारणारा छोटा प्रोग्रॅम म्हणजे ग्रब. दुकानदार म्हणतोय, फॉरमॅट मारावा लागेल. अजिबात मारू देऊ नकोस. ताईचे शाळेचे निकाल आणि भाचीचे कॉलेजचे प्रोजेक्ट जिथल्या तिथे असणार. बिघडलीय ती त्यांच्यापर्यंत नेणारी वाट.

ही वाट अशी असते. मशीन सुरू झालं की मदरबोर्डवरची यूईएफआय प्रणाली डिस्कवरच्या एका छोट्या विभागात जाते. त्याला ई-एफ-आय विभाग म्हणतात. विंडोजने तो बहुधा १०० एमबीचा केलेला असतो, फॅट-३२ पद्धतीचा. त्यात ‘मायक्रोसॉफ्ट’ नावाचा एक फोल्डर आणि ‘उबुंटू’ नावाचा दुसरा. उबुंटूच्या फोल्डरात ग्रब आणि त्याच्या शेजारी अवघ्या तीन ओळींची एक फाइल असते. प्रणालींची खरी यादी, म्हणजे मेन्यू, कोणत्या विभागात आहे, एवढंच ती सांगते. फॅट-३२ला जर्नल नसतं, म्हणजे अर्धवट राहिलेल्या लिखाणाची नोंद कुठेच राहत नाही. अपडेट चालू असताना लाइट गेली, की ही फाइल रिकामी राहू शकते. मग ग्रब उठतो, पण पुढे कुठे जायचं ते त्याला कळत नाही. ताई म्हणाली ना, पावसात अपडेट चालू असतानाच लाइट गेली म्हणून! माझा संशय तिथेच आहे.

रविवारी दोडामार्गाच्या बसने जाशील तेव्हा दोन गोष्टी बरोबर ने : ८ जीबीचा पेन ड्राइव्ह, त्यावर उबुंटूची लाइव्ह प्रत (पेन ड्राइव्हवरूनच थेट चालणारी), आणि एक रिकामी बाहेरची डिस्क. आज्ञा मी उच्चाराप्रमाणे लिहितोय, स्पेलिंग भाचीला तोंडपाठ आहेत.

आधी विंडोज येतं का ते बघ. मशीन सुरू होताना बूट मेन्यूची कळ दाब (कंपनीप्रमाणे एफ-८, एफ-११ किंवा एफ-१२) आणि ‘विंडोज बूट मॅनेजर’ निवड. विंडोज आलं तर आधी ताईच्या फाइली बाहेरच्या डिस्कवर उतरवून घे, मगच पुढे जा. आणि बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप) चालू असेल तर त्याची ४८ अंकी किल्ली ताईच्या मायक्रोसॉफ्ट खात्यातून कागदावर लिहून ठेव. सिक्युअर बूट (अनोळखी प्रणाली सुरू होऊ न देणारी सोय) बंद केलं किंवा सुरुवातीचा मार्ग बदलला की विंडोज ती किल्ली मागू शकतं, आणि ती नसेल तर खरोखरच सगळं अडकेल.

आता पेन ड्राइव्ह काढून ठेव, नाहीतर क्रमांकांत गोंधळ होतो. पुन्हा त्या काळ्या पडद्यावर ये आणि ‘एलएस’ टाइप कर. कंसात ‘एचडी-शून्य, जीपीटी-एक’, ‘जीपीटी-दोन’ असे विभाग दिसतील. एकेक नाव घेऊन ‘एलएस’, मोकळी जागा, कंसासकट विभाग आणि शेवटी तिरकी रेघ असं टाकून बघ. ज्यात ‘होम’, ‘ईटीसी’ आणि ‘बूट’ हे फोल्डर दिसतील तो उबुंटूचा. समजा तो जीपीटी-पाच निघाला, तर ‘कॉन्फिगफाइल’ लिहून पुढे तोच कंस आणि त्याला जोडून ‘/बूट/ग्रब/ग्रब.सीएफजी’ असा पत्ता दे. नेहमीचा मेन्यू येईल. पडद्यावर ‘ग्रब’ऐवजी ‘ग्रब रेस्क्यू’ असेल तर ही आज्ञा चालत नाही. तिथे ‘सेट’ने ‘प्रीफिक्स’ला त्याच विभागातला ‘/बूट/ग्रब’चा पत्ता द्यायचा, मग ‘इन्समॉड नॉर्मल’ आणि शेवटी ‘नॉर्मल’.

उबुंटू उघडलं म्हणजे काम झालं असं समजू नकोस. मशीन बंद केलं की पुन्हा तेच. टर्मिनलमध्ये ‘एलएसबीएलके’ला ‘-एफ’ लावून ई-एफ-आय विभागाचं नाव बघ, त्याच्यापुढे ‘व्हीफॅट’ लिहिलेलं असतं. आधी ‘यूमाउंट’ने ‘/बूट/ईएफआय’ सोडव, मग त्या विभागावर ‘एफएससीके.व्हीफॅट’ ‘-ए’ लावून चालव. ‘डर्टी बिट’ची तक्रार आली तर घाबरू नकोस, व्यवस्थित बंद न झाल्याची ती खूण आहे. विभाग पुन्हा माउंट करून, म्हणजे जोडून, ‘सुडो ग्रब-इन्स्टॉल’ आणि पाठोपाठ ‘सुडो अपडेट-ग्रब’. ‘नो एरर रिपोर्टेड’ दिसलं की ती तीन ओळींची फाइल नव्याने लिहिली गेली.

जागा नाही असं म्हणालं, तर विभाग भरलाय. ‘मायक्रोसॉफ्ट’ आणि ‘उबुंटू’ या दोन फोल्डरांना हात लावायचा नाही. बाकी काय पडलंय त्याचा फोटो मला पाठव, त्याआधी काही पुसू नकोस. आणि विभाग नव्याने फॉरमॅट करण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नकोस. त्याने विंडोजचंही बूट जातं. शिवाय विभागाचा ओळख क्रमांक बदलतो, मग उबुंटू जुना क्रमांक दीड मिनिट शोधत बसतं आणि इमर्जन्सी मोडमध्ये जाऊन पडतं.

मेन्यूत विंडोज दिसलं नाही तर ते गेलं असं नाही. ग्रब २.०६पासून दुसरी प्रणाली शोधणं मुळातच बंद असतं. ‘/ईटीसी/डिफॉल्ट/ग्रब’मध्ये ‘ग्रब डिसेबल ओएस प्रोबर’ला ‘फॉल्स’ कर (मूळ नावात शब्दांमध्ये अंडरस्कोअर आहेत) आणि ‘अपडेट-ग्रब’ पुन्हा चालव.

लाइव्ह पेन ड्राइव्ह उबुंटू उघडलंच नाही तर लागेल. तो बूट मेन्यूतून यूईएफआय म्हणूनच निवड. जुन्या लेगसी पद्धतीने सुरू केलास तर ग्रब चुकीच्या जागी बसतो आणि दिवसभर डोकं खाजवूनही कारण सापडत नाही.

घड्याळही बघ. विंडोजमध्ये वेळ साडेपाच तास मागे दिसली तर बिघाड नाही : विंडोज मदरबोर्डच्या घड्याळाला स्थानिक वेळ मानतं, उबुंटू यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ. ‘टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १’ दिलं की जमतं. पण तारीखच काही वर्षं मागे गेली असेल तर मदरबोर्डवरचा सीआर २०३२ सेल संपलाय. तो बदलायला लाव.

आणि ताईला माझ्यातर्फे सांग, यूपीएस घ्यायलाच हवा. दहा मिनिटांचा आधार पुरे, अपडेट पूर्ण होऊन मशीन नीट बंद होतं. इन्व्हर्टर आहे म्हणून चालढकल नको. साध्या इन्व्हर्टरवर लाइट बदलताना जो क्षणभराचा झटका बसतो, तेवढ्यानेही डेस्कटॉप बंद पडतो.

अडलं तर फोटो काढ आणि फोन कर. मी दीड तास मागे आहे, तुमचे रात्रीचे दहा म्हणजे माझे साडेआठ. आई-बाबांना नमस्कार.

तुझा,
दादा