एस्टीच्या थांब्यांची आडनावं

मुंबई,
१६ डिसेंबर

प्रिय बाळ्या,

फोनवर तू म्हणालास, "थोडक्यात सांग," आणि तेवढ्यात तुझा फिजिओथेरपीवाला आला. बरंच झालं. हे थोडक्यात सांगण्यासारखं नाही आणि तू तसाही गुडघ्याखाली उशी घेऊन पडलायस. तेव्हा वाच निवांत.

तर रविवारी मी ज्यूंची मुंबई बघून आलो. पायी. पंधरा-वीस जणांचा घोळका आणि पुढे गाईडबाई. सुनेनं परस्पर माझं नाव नोंदवून टाकलं होतं. रिटायर झाल्यापासून बाबा फक्त भाजी आणायला चालतात, असं तिचं म्हणणं. मी मनात म्हटलं, बत्तीस वर्षं फोर्टात बँकेत काढली, मला कोण नवीन काय दाखवणार? बाळ्या, मला काहीही ठाऊक नव्हतं रे.

सकाळी आठला काळा घोडा. तिथल्या गल्लीतलं ते निळं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनाघर, तुला आठवत असेल, केनेसेथ एलियाहू. आपण त्याला 'निळी बिल्डिंग' म्हणायचो. ती आता निळी राहिलेली नाही, दुरुस्तीनंतर फिकट पांढरी झालीय, कडांना तेवढं निळं. बाहेर पोलीस. २००८ साली कुलाब्याच्या नरिमन हाऊसवर, तिथल्या ज्यू केंद्रावर, हल्ला झाला तेव्हापासून हे असंच आहे, ओळखपत्र दाखवल्याशिवाय आत पाऊल नाही. माझं आधारकार्ड अर्थातच दुसऱ्या पाकिटात. सुनेनं ते मोबाइलमध्ये टाकून ठेवलंय हे मला दहा मिनिटांनी आठवलं, तोवर सगळे माझ्यामुळे उन्हात.

आत गेल्यावर पुरुषांनी डोकं झाकायचं. मी खिशातला रुमाल बांधला, तर दिसायला थेट सत्यनारायणाला बसल्यासारखा. मधोमध कठडा असलेला उंच चौथरा, त्याला तेबा म्हणतात. तिथे उभं राहून तोरा, म्हणजे त्यांची पोथी, वाचायची. बायकांसाठी वर गॅलरी. आणि तोरा ठेवायचं कपाट, म्हणजे हेखाल, पश्चिमेच्या भिंतीत. जेरुसलेम इथून पश्चिमेला, म्हणून तोंड तिकडे. युरोपातले ज्यू पूर्वेकडे वळतात, आपल्याकडचे पश्चिमेकडे. साधी गोष्ट, पण मी कधी विचारच केला नव्हता.

हे १८८४ चं, जेकब ससूननं वडिलांच्या स्मरणार्थ बांधलेलं. त्याचे आजोबा डेव्हिड ससून १८३२ मध्ये मुंबईत आले. मूळचे बगदादचे. कापूस, कापड आणि अफू यांवर एवढे मोठे झाले की ससून डॉक, पुण्यातलं तुमचं ससून हॉस्पिटल आणि लाल देऊळ म्हणतात ते सिनेगॉग, सगळीकडे तेच घराणं. लाल देवळाच्या आवारात डेव्हिड ससूनची कबर आहे म्हणे. तुझ्या घरापासून रिक्षानं दहा मिनिटं. गेलायस कधी? नसशीलच.

तिथून डेव्हिड ससून लायब्ररी. १८७० ची इमारत, जिन्याशी म्हाताऱ्याचा दाढीवाला संगमरवरी पुतळा. त्या पुतळ्यासमोरून मी जेवणाच्या सुट्टीत हजार वेळा वर गेलोय आणि लांब हातांच्या खुर्चीत हजार वेळा पेंगलोय. अफूचा पैसा चीनमध्ये कुणाचं काय करत होता हे गाईडबाईंनी अजिबात झाकलं नाही, ते मला आवडलं. नाहीतर दानशूर म्हटलं की आपल्याकडे लगेच हार. आणि आता कळलं तिथे एवढी गाढ झोप का लागायची!

इथवर सगळं इंग्रजीत चाललं होतं. मग बाई म्हणाल्या, "हे झाले बगदादी. आता आमच्यात चला." चक्क मराठीत, आणि मराठीही आपल्याकडची. मी विचारलं, तुम्ही कुठल्या? तर म्हणाल्या, आजोळ रेवदंडा.

मग मी त्यांची पाठच सोडली नाही.

बाळ्या, बेने इस्रायलांची, म्हणजे आपल्या कोकणातल्या ज्यूंची, आडनावं ऐक: नवगावकर, झिराडकर, थळकर, चौलकर, पेणकर, दिवेकर, केहिमकर. अरे, ही आपल्या एस्टीच्या थांब्यांची यादी आहे! सिनेमातला डेव्हिड, तो टकला गोड माणूस, तो डेव्हिड अब्राहम चौलकर. आणि वरळीचा ई. मोझेस रोड. मी अर्धं आयुष्य त्याला 'इमोझेस' असा एकच शब्द समजत होतो, वाटायचं कुणी ग्रीक असावा. ते डॉ. एलिजा मोझेस राजपूरकर, १९३७-३८ चे मुंबईचे महापौर. राजपूर म्हणजे जंजिऱ्यासमोरचं राजपुरी!

त्यांची कथा अशी की खूप पूर्वी नवगावजवळ गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या. किती पूर्वी, यावर विद्वानांचं एकमत नाही. आपलं चित्पावनांचं मूळही असंच, समुद्रातून वर आलेलं. मुरूडपासून पेणपर्यंत गावोगाव ही मंडळी तेलाचे घाणे चालवायची आणि शनिवारी बैल सोडून द्यायची, म्हणून लोक म्हणायचे 'शनिवार तेली'. कुणी शिकवायला नाही, पोथी नाही, हिब्रूतली 'शेमा' ही एक प्रार्थना तेवढी तोंडात राहिलेली. पण शनिवार सोडला नाही. सणांचीही नावं आपलीच करून टाकली: नव्याचा सण, खिरीचा सण, आणि जेरुसलेमचं मंदिर पडलं त्या दुखवट्याच्या दिवशी बिरडं खायचं म्हणून तो बिरड्याचा सण. दोन हजार वर्षांपूर्वीचं दुःख आणि सोबत वालाचं बिरडं. मला हसूही आलं आणि गलबललंही.

रविवारचा मेगाब्लॉक, त्यामुळे सीएसएमटीहून मशीद बंदरला चालतच गेलो. तिथे रविवार असूनही हातगाड्या, गोण्या आणि हवेत मिरचीचा खकाणा, घोळक्यातले दोन परदेशी पाहुणे शिंकून बेजार. मुंबईत अनेक लोक मानतात की स्टेशनचं 'मशीद' हे नाव मुसलमानांच्या मशिदीवरून नसून ज्यूंच्या सिनेगॉगवरून पडलंय. कारण बेने इस्रायल आपल्या प्रार्थनाघराला मशीदच म्हणायचे! सॅम्युएल स्ट्रीटवर आहे ते, शआर हारहमीम, म्हणजे दयेचं द्वार. लोकांच्या तोंडी 'जुनी मशीद'. स्थापना १७९६, मुंबईतलं सगळ्यांत जुनं. बांधणारा सॅम्युएल इझिकेल दिवेकर, पण घरचं नाव सामाजी हसाजी. कंपनी सरकारच्या फौजेत होता. म्हैसूरच्या लढाईत टिपूच्या हाती सापडला. टिपूच्या आईनं विचारलं, तुम्ही कोण? हा म्हणाला, बेने इस्रायल. त्यावर तिनं मुलाला सांगून जीव वाचवला, अशी आख्यायिका. सुटला तर देवाचं घर बांधीन, हा नवस. आपल्याकडे नवस फेडायला माणूस कोंबडं देतो, यानं गल्लीचं नाव बदललं.

बाहेरून इमारत तुझ्या-माझ्या नजरेतून सुटेल अशी, गोदामांच्या रांगेत. आत लाकडी बाकं, छताला टांगलेले काचेचे तेलदिवे. दाराच्या चौकटीवर उजव्या बाजूला बोटभर लांबीची नळी तिरकी ठोकलेली, मेझुझा. आत चामड्यावर लिहिलेली प्रार्थना असते. नळीचा रंग मधोमध पार उडालेला, हात लागून लागून. आम्ही निघत होतो तेव्हा तिथले एक आजोबा कुलूप लावायला आले. दोन बोटं त्या नळीला लावली, ओठांना लावली, आणि त्याच दमात बाईंना म्हणाले, "आटपा, डबा गार होतोय." उंबऱ्याला हात लावून कपाळाला लावणारी माझी आजी डोळ्यांसमोर आली. तीही नमस्कार करता करता दूधवाल्याशी भांडायची.

शेवट भायखळ्याला, मागेन डेव्हिड. १८६१ चं, घड्याळाच्या मनोऱ्याचं, पुन्हा ससूनांचंच. इमारतीपेक्षा मला शेजारची ज्यू ट्रस्टची शाळा आवडली, कारण तिथे आता शिकतात ती बहुतेक मुसलमान मुलं. बाकी माझे पाय तोवर संपले होते, त्यामुळे वास्तुकलेविषयी मला काही विचारू नकोस.

तिथे सावलीत बसल्यावर बाईंनी पिशवीतून स्टीलचा डबा काढला. चिकाचा हलवा. गव्हाचा चीक, साखर आणि नारळाचं दूध, घोटून घोटून गुलाबी वड्या पाडलेल्या, वर बदामाचे काप. तोंडात टाकली की आधी दातांना थोडी चिकटते, मग विरघळते. साधं दूध का नाही? तर मटणाच्या जेवणासोबत दूधदुभतं चालत नाही, हा त्यांच्या धर्माचा नियम. कोकणात नारळाला तोटा नाही, मग कालवणापासून हलव्यापर्यंत सगळीकडे नारळाचं दूध. मी तीन वड्या खाल्ल्या. शुगरचं घरी सांगू नकोस.

बगदाद्यांचं आणि यांचं फारसं जमायचं नाही, हेही तिथेच कळलं. प्रार्थनेला दहा पुरुष लागतात, त्या दहांत बगदादी लोक बेने इस्रायलांना धरायचे नाहीत. म्हणजे सोवळं-ओवळं काय आपलीच मिरास नाही. पुढे इस्रायलला गेल्यावरही तेच. तिथल्या धर्मगुरूंनी यांच्या लग्नांवर शंका काढल्या, यांनी धरणं धरलं, आणि १९६४ मध्ये सरकारनं जाहीर केलं की हे सर्व बाबतींत ज्यूच आहेत. दोन हजार वर्षं शनिवार पाळून वर हा दाखला! माझा संताप झाला, बाई मात्र शांतपणे डबा पुसत होत्या. १९५१ मध्ये देशात सगळे मिळून ज्यू सव्वीस हजारांवर होते, आज पाच हजारांच्या आत. गेलेल्यांनी तिकडे 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक चालवलं. आपली नातवंडं पुण्यात राहून मराठी वाचत नाहीत.

आता खरं सांगतो, हे एवढं लांबलचक का लिहितोय. अलिबागला आपण रोज इस्रायल आळीतून शाळेत जायचो. कधी विचारलं, की या आळीला हे नाव का? अलिबागजवळच्या खंडाळ्याच्या त्या कातळावर सायकली आडव्या टाकून आपण बोरं खायचो, त्यावरच्या खुणा म्हणजे एलियाहू संदेष्ट्याच्या रथाची चाकं असं बेने इस्रायल मानतात. तिथे मलिदा करतात, पोहे, गूळ, खोबरं आणि फळं. एकदा आपल्याला कुणीतरी द्रोणात दिला होता, आठवतंय? आपण प्रसाद समजून खाल्ला. बरोबरच होतं म्हणा.

आणि सहावीतला तो. पहिल्या बाकावरचा, घाऱ्या डोळ्यांचा. शनिवारच्या सकाळच्या शाळेला कधी यायचा नाही आणि गुरुजी त्याला एका शब्दानं बोलायचे नाहीत. आपण किती जळायचो त्याच्यावर! मग दिवाळीच्या सुट्टीनंतर तो आलाच नाही. गुरुजी म्हणाले, ते लोक देशाला गेले. मला वाटलं, देशावर. घाटावर कुठेतरी, सातारा-कराडकडे. पंचावन्न वर्षं मी तेच समजत होतो, रविवारी भायखळ्याला तोंडात हलवा असताना माझ्या डोक्यात उजेड पडला.

जाताना त्यानं तुला सायकलचा पंप दिला होता, लाल मुठीचा. तो तू कधी मला वापरू दिला नाहीस. त्याचं पुढे काय झालं?

गुडघा चालायला लागला की फेब्रुवारीत मांडव्याच्या बोटीनं जाऊ. नवगावला त्यांचा स्मारकस्तंभ आहे, तो बघू, आणि परतताना आळीत चक्कर. सिनेगॉग उघडं नसलं तर नसो. वहिनींना म्हणावं, पोह्याचे पापड संपलेत.

उत्तर पत्रानंच दे, व्हॉट्सॲपवर अंगठा पाठवू नकोस.

तुझा,
दिन्या