त्या पानावर थांबले, शमे

सातारा
12 नोव्हेंबर

प्रिय शमा,

परवा तू फोनवर विचारलंस, "वाचलंस का? कसं वाटलं?" आणि मी "हो, बोलू नंतर" एवढंच म्हणून फोन ठेवला. तुला ते तुटक वाटलं असणार. घरात पाहुणे होते हे खरं, पण ते नसते तरी मला तेव्हा बोलता आलं नसतं. आज दुपारी सगळी आडवी झाली आहेत, म्हणून कागद घेऊन बसले.

'मर्डर मशीन', न्यूयॉर्कच्या रॉय डिमेओच्या खुनी टोळीवरचं ते खऱ्या घटनांचं पुस्तक, माझ्या हातात देताना तू म्हणाली होतीस, एका रात्रीत संपवशील. मला पाच रात्री लागल्या, आणि मधे तीन दिवस ते पुस्तक कपाटात साड्यांच्या घडीखाली होतं. घरात कुणाच्या नजरेला पडू नये म्हणून ठेवलं नव्हतं. माझ्याच नजरेला पडू नये म्हणून ठेवलं होतं.

पहिल्या दोन रात्री मीही तुझ्यासारखीच वाचत सुटले होते. ते लिहिणारे मस्टेन आणि कापेची दोघेही न्यूयॉर्कचे बातमीदार, त्यामुळे माणूस डोळ्यांपुढे उभा करणं त्यांना जमतं. ब्रुकलिनचा तो फ्लॅटलँड्स अव्हेन्यू, त्यावरचा जेमिनी लाउंज नावाचा साधासा बार, आणि बारच्या मागच्या अंगाला असलेली ती राहती जागा. पोरवयात खाटकाच्या हाताखाली काम शिकलेला रॉय डिमेओ. त्याच्याभोवती जमलेली पंचविशीच्या आसपासची पोरं, गाड्या चोरणारी, नशेचा माल विकणारी. त्या मागच्या जागेत बोलावलेला माणूस पुन्हा बाहेर येत नसे. त्याचं काय होई ते मी लिहीत नाही, तू वाचलं आहेस. उरलेलं फाउंटन अव्हेन्यूच्या कचरा डेपोत जाई. मी हे वाचत होते आणि पान उलटत होते, शमा. दिवा मालवायला उठतसुद्धा नव्हते. हे तुला सांगायलाच हवं, नाहीतर पुढचं सगळं मी शहाणपणा शिकवल्यासारखं होईल.

तिसऱ्या रात्री ते एप्रिल 1979 चं पान आलं.

तुला आठवतंय का ते? मधे एकदा मी तुला फोनवर मुद्दाम विचारलं, तर तू म्हणालीस, "कोणता गं? तो क्युबन लोकांचा भाग?" हो, तोच भाग. पण तुझ्या लक्षात क्युबन राहिले. डिमेओचा लाडका ख्रिस रोझनबर्ग, त्याने अमली पदार्थांच्या व्यवहारात माणसं मारली, त्यांचे साथीदार सूड घ्यायला येणार म्हणून डिमेओ घाबरून बसला होता. मॅसापिक्वा पार्कच्या चांगल्या वस्तीतलं त्याचं मोठं घर, आणि घरासमोर एक अनोळखी गाडी उभी. गाडीत एक मुलगा. डिमेओला वाटलं, आलाच मारेकरी. पाठलाग झाला, गोळ्या झाडल्या गेल्या, मुलगा मेला. तो 18 वर्षांचा होता. कॉलेजात शिकत होता आणि फीसाठी दारोदार फिरून व्हॅक्यूम क्लीनर विकत होता.

मी पुस्तक मिटलं ते तिथे.

आता तुला बंडूची आठवण झाली असेल. नसेल तर मी करून देते. 1993 साली, सेकंड इयरला असताना, आपला बंडू पुण्यात व्हॅक्यूम क्लीनर विकत होता. आबांचा तो एकच टाय, तो बांधून. तू त्याला चिडवायचीस, "आला बघ झाडूवाला साहेब." कर्वेनगरातल्या तुमच्या घरी तो एकदा ते यंत्र घेऊन आला होता आणि तुझ्या आईने गादी काढून दिली होती, कर बाबा हिच्यावर तुझा प्रयोग. गादीतून निघालेली धूळ तो पांढऱ्या फडक्यावर दाखवायचा आणि काकू "अगं बाई, एवढी?" म्हणायच्या. यंत्र काही घेतलं नाही, पण त्याला पोटभर थालीपीठ घातलं. लोकांनी दार तोंडावर लावलं की तो माझ्या खोलीवर येऊन गप्प बसायचा. मी समजूत घालायचे, दार लावलं तर लावलं, त्याहून वाईट काय होणार आहे.

म्हणून ते पान मला ओलांडता येईना. तीन दिवस आला नाही धीर.

आता तुझ्या त्या वाक्याकडे येते, ज्याच्यासाठी खरं तर हे पत्र आहे. पुस्तक देताना तू म्हणालीस, "भीती वाटत नाही गं वाचताना, कारण ते एकमेकांनाच मारत होते. बाहेरच्या माणसाला काय त्याचं?" हे तू एकटीच म्हणत नाहीस. भावजींनी तर वाचता वाचता खुनांचा आकडा धरला होता म्हणे, 75 की 200, आणि मग म्हणाले, जाऊ दे, सगळे एकाच माळेचे मणी. हे पुस्तक ज्याने ज्याने वाचलं त्याच्याकडून मी हेच ऐकते आहे. आधी आकडा, मग ती टोपणनावं, कुणी ड्रॅक्युला, कुणी जेमिनीचे जुळे, आणि मग हे वाक्य.

आणि पुस्तकातच त्याला उत्तर आहे, शमा. ते मुलाचं पान बाजूला ठेव. 1977 मध्ये गाड्या चोरणाऱ्या एका माणसाला मारलं, तेव्हा त्याच्याबरोबर असलेल्या 19 वर्षांच्या मुलीलाही मारलं. तिचा गुन्हा इतकाच की ती त्याच्यावर प्रेम करत होती आणि तिला काही गोष्टी ठाऊक असतील अशी भीती होती. 1979 च्या ऑक्टोबरमध्ये गाड्यांचा व्यापार करणारे दोघं. न्यूयॉर्कच्या रस्त्यांवरून चोरलेल्या गाड्या नंबर बदलून कुवेतला जहाजाने जात होत्या, हे त्यांच्या ध्यानात आलं होतं. ते तोंड उघडतील म्हणून त्यांना संपवलं. यातला कोण "एकमेकांतला" होता? ज्यांची गाडी चोरीला गेली ते तर धरलेच नाहीत मी.

मग हे वाक्य आपल्या तोंडी येतं कुठून? मला वाटतं, त्या वाक्याशिवाय ते पुस्तक अंथरुणात पडून वाचताच येत नाही. मेलेला आधीच गुन्हेगार आहे असं एकदा ठरवलं, की पुढचं पान हलकं होतं. मी पहिल्या दोन रात्री तेच करत होते. नकळत केलं, पण केलं.

आपण मुंबईच्या गँगवॉरच्या बातम्या वाचत मोठ्या झालो. आबा पेपरची घडी घालून म्हणायचे, "मरू देत एकमेकांना, तेवढाच भार कमी." रोज म्हणायचे. 16 जानेवारी 1997 ला पवईत डॉ. दत्ता सामंतांना मारेकऱ्यांनी गाडी अडवून गोळ्या घातल्या. आमचे काका गिरणीत होते, 1982 च्या संपात घरी बसले ते पुन्हा कामावर गेलेच नाहीत. त्या दिवशी आबा ते वाक्य बोलले नाहीत, आणि त्यानंतर कधीच बोलले नाहीत. मला हे या पुस्तकामुळे आठवलं. इतकी वर्षं माझ्या ध्यानातही आलं नव्हतं की ते थांबले होते.

मुक्ताने, आमच्या भाचीने, निम्मं वाचून सोडलं. मला म्हणाली, "मावशी, याला सगळे धाडसी म्हणतात, मला तर नुसता घाणेरडा वास येतो." तू तिला नाजूक म्हणालीस. मला ती नाजूक वाटत नाही. तिला वास आला, आपल्याला आला नाही.

दुसरीकडे सुभानमामा. पोलिसात 34 वर्षं नोकरी केलेला माणूस. त्यांनी ते पुस्तक उलट्या दिशेने वाचलं म्हणायला हरकत नाही. सगळ्यांना कंटाळा येतो तो शेवटचा, तपासाचा आणि खटल्याचा भाग, तो त्यांनी दोनदा वाचला. चष्मा कपाळावर चढवून मला समजावत होते. "प्रेत नाही, हत्यार नाही, साक्षीदार जिवाच्या भीतीने गप्प. काय पंचनामा करायचा? त्या डिमेओने नेमकं तेच हेरलं होतं." 1975 चा एक खून उघडकीस आला, कारण प्रेताचे तुकडे सापडले. एका बाईने कोर्टात उभं राहून साक्ष दिली, तरी आरोपी निर्दोष सुटले. मामा म्हणाले, "त्या निकालाने तिथली सगळी वस्ती मुकी केली असणार."

आणि ती टोळी शेवटी अडकली कशात, तर गाड्यांच्या कागदांत. मामांना याचं फार अप्रूप. केनेथ मॅकेब नावाचा तो धिप्पाड डिटेक्टिव्ह, वर्षानुवर्षं लग्नांच्या आणि मयतांच्या बाहेर गाडीत बसून कोण आलं, कोण गेलं, नंबर काय, हे टिपत राहिला. वॉल्टर मॅक हा सरकारी वकील त्या चिठ्ठ्याचपाट्यांतून संघटित टोळ्यांविरुद्धच्या 1970 च्या रिको कायद्याखाली खटला उभा करतो. 1985 मध्ये खटला चालू असताना आरोपींतला सर्वांत मोठा, गाम्बिनो या माफिया घराण्याचा मुख्य पॉल कॅस्टेलानो, 16 डिसेंबरला मॅनहॅटनमधल्या रेस्टॉरंटच्या दारात मारला जातो. तरी खटला थांबत नाही. "हे बघ, काम असं असतं," मामा म्हणाले. त्यांचा आवाज थोडा भरला होता. या माणसाने आयुष्यभर पावसात उभं राहून किती नंबर टिपले असतील आणि त्यातले किती कुणी वाचले असतील, असं माझ्या मनात आलं. त्या प्रकरणांना तू "पाल्हाळ" म्हणालीस. पुन्हा वाच, माझ्यासाठी म्हणून वाच.

डॉमिनिक मॉन्टिग्लिओबद्दल तुझं-माझं पटणार नाही हे मला दिसतंय. डिमेओच्या वरचा म्होरक्या नीनो गाग्गी, त्याचा हा भाचा, व्हिएतनामहून परतलेला सैनिक, पुढे सरकारी साक्षीदार झालेला. तुला त्याची दया आली. मलाही आली, कारण मामाच्या धाकात वाढणं म्हणजे काय ते त्यात फार खरं उतरलं आहे. पण बरंचसं पुस्तक आपण त्याच्या डोळ्यांनी पाहतो, शमा. जो सांगतो त्याच्या शेजारी आपण जाऊन बसतो. मामाचे पैसे गोळा करायला तोच जात होता. ज्या दारांवर तो जाई, त्या दारांच्या आतली माणसं पुस्तकात बोलत नाहीत. त्यांना ऐकायला कुणी गेलं असतं, तर आपली दया कुठे गेली असती?

डिमेओच्या मुलाने, अल्बर्टने, 2002 मध्ये वडिलांवर पुस्तक लिहिलं, हेही तू सांगितलंस, की बघ, घरी तो किती प्रेमळ होता. मला त्यात शंका नाही. 1983 च्या जानेवारीत बाप नाहीसा होतो आणि दहा दिवसांनी त्याच्याच कॅडिलॅकच्या डिकीत सापडतो, हे त्या वयाच्या पोराने कसं पेललं असेल या विचाराने मला रडू आलं. पण तू ते "माणसाला दोन बाजू असतात" म्हणून सांगितलंस, तिथे मी अडले. ज्या घरासमोर तो मुलगा गाडीत बसला होता, ते हेच प्रेमळ घर. त्याच्या मृत्यूनंतर डिमेओ रडला म्हणतात. महिना उलटायच्या आत त्याने रोझनबर्गला स्वतः गोळी घातली, वरून हुकूम होता म्हणून. ते रडणं माझ्या हिशेबात कुठेच बसत नाही, आणि बसवायचा प्रयत्नही मी सोडला आहे.

तुला वाटेल, मग हिने पुस्तक पुरं केलंच कशाला? ते वाईट आहे असं मी म्हणतच नाही. त्या दोघांनी त्या मुलाला पान दिलं. तो कोण होता, काय करत होता, का बसला होता, हे शोधून लिहिलं. त्यांनी लिहिलं नसतं तर मला तो कळलाच नसता. वाचणारे ते पान ओलांडून पुढे जातात, त्याचं दुःख आहे, आणि तुझ्याकडून ते ओलांडलं गेलं याचं जास्त आहे. तू परक्या बाईच्या डोळ्याला पाणी आलं तरी विरघळणारी आहेस. पंचवीस वर्षं पाहते आहे मी.

रविवारी बंडू आला होता, मिक्सर दुरुस्त करून द्यायला. आता केस पांढरे झालेत त्याचे. पुस्तकाचं मी काही सांगितलं नाही. फक्त विचारलं, "ते यंत्र विकायला जायचास तेव्हा सुरुवात कशी करायचास रे? सरळ जाऊन बेल वाजवायचास?" तो हसला. म्हणाला, "छे गं ताई, हिंमत कुठे होती? ज्या घरी जायचं त्याच्या समोर लूना लावून दहा-पंधरा मिनिटं बसायचो. घराकडे बघत. मनात वाक्यं जुळवायचो."

पुस्तक विजूबरोबर परत पाठवते आहे. एप्रिलच्या त्या पानात बसचं तिकीट घालून ठेवलंय, ते काढू नकोस. वाचून झालं की फोन कर, कितीही वाजले असले तरी.

तुझी,
मंगल